राजुऱ्याला घोडी शिकवायला

घोड्यावर बसायला शिकवतात आणि त्यासाठी मोठी माणसं लांबून येतात, हे आमच्या देवगडात सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. आमच्याकडे माडावर चढायला शिकवतात, होडी वल्हवायला शिकवतात. घोडा मी जवळून पाहिला तो चांद्याकडच्या आलापल्लीच्या जंगलात, पोटासाठी आलो तेव्हा. पाचवीनंतर शाळा सुटली होती. मामांनी ओळखीच्या लाकूड-ठेकेदाराकडे चिकटवलं, म्हणून आलो. सागवान तोडायला दिलेल्या जंगलाच्या तुकड्याला इकडे कूप म्हणतात. आमचे कूप एकमेकांपासून फार लांब होते. पायी फिरून तोडीवर लक्ष ठेवणं जमेना, तेव्हा मालकांनी फिरायला एक घोडी दिली. तिचं नाव काजळी.

पहिलं वर्ष मी तिच्यावर पोत्यासारखा बसलो. दुसऱ्या वर्षी पडायचा थांबलो. तिसऱ्या वर्षी, खोटं कशाला सांगू, मला तिच्याशिवाय करमेना. गावाकडची आठवण आली की मी तबेल्यात जाऊन तिला खरारा करत बसायचो.

मग मालकांच्या लाकडाच्या डेपोत जीप आली आणि फिरायला घोडीची गरज उरली नाही. मालकांनी मला बोलावून नीट समजावलं. राजुऱ्याजवळच्या कोळशाच्या खाणीच्या मॅनेजरांना बायकोसाठी शहाण्या चालीची घोडी हवी आहे. तिथेच हैदराबादच्या फौजेतले एक जुने रिसालदार थंडीत घोड्यांची शाळा भरवतात. मॅनेजरबाईही तिथे शिकायला येणार. मी काजळीला घेऊन जायचं, स्वतः शिकायचं, घोडीला चाल लावायची. बाईंना पसंत पडली तर घोडी तिथेच द्यायची. नाही पडली तर परत आणायची, नाल्यापलीकडे जीप जात नाही, तिथे कामाला येईल.

मी मालकांचे आभार मानले. मला शिकायला पाठवणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. आभार मानून मी तबेल्यात गेलो आणि काजळीला खरारा करत बसलो.

आष्टीचा घाट

माझ्याबरोबर लालसू निघाला. लालसू डेपोतला मोतद्दार, जंगलातल्या गावचा माणूस. काजळी शिंगरू होती तेव्हापासून तिचं दाणापाणी तोच बघायचा. बोलायला तिखट. मी घोडीवर आणि तो पायी, असं आम्ही निघालो, पण वाटेत मी उतरून चालत होतो तेच जास्त.

आलापल्ली सोडल्यावर पहिल्याच चढाला दगडांचा एक ढीग लागतो. असे ढीग त्या जंगलात वाटोवाट आहेत. जाणारा-येणारा तिथे थांबतो, एक दगड नाहीतर पानांची डहाळी वाहतो आणि पुढे जातो. वाटेच्या देवाचं ते देणं. आमच्याकडे घाटात नारळ फोडतात तसंच, फक्त खर्चाविना. मी मुळात भित्रा, आणि ते जंगल वाघाचं. त्यामुळे माझ्याइतका हा नेम कुणी पाळला नसेल. कोटाच्या खिशात खडे भरूनच मी निघायचो. ढीग दिसला की काजळी आपण होऊन त्याच्या अगदी शेजारी जायची, चारी पाय एका रेषेत घेऊन उभी राहायची. मी खडा टाकला की चालू लागायची.

आष्टीला वैनगंगा ओलांडायची होती. पावसाळा जाऊन तीन महिने झाले होते तरी मधल्या धारेला पाणी होतं. आम्ही लाकूड कोरलेल्या डोंग्यात बसलो आणि घोडी दोरीनं मागून पोहत आली. पलीकडच्या वाळूत चढल्यावर तिनं असं अंग झाडलं की सुकटीची टोपली घेऊन बसलेली एक बाई न्हाऊन निघाली. मी हात जोडून माफी मागू लागलो. बाई माझ्याकडे न बघता लालसूला म्हणाली, "घोडीले पुसाले माहा पदर देऊ काय आता?"

लालसू म्हणाला, "द्या न बाई. साहेबाच्या घरी चालली थे. वल्ली कशी जाईन?"

बाई हसली. मला हसू आलं नाही. थोडं पुढे गेल्यावर लालसूनं लगाम धरून घोडी थांबवली.

"भाऊ, एक गोष्ट सांगतो. तुमी शिकजा. घोडीले नोका शिकवू."

"असं कसं होईल?"

"काऊन नाई होत? तुमाले साळा पायजे, तर शिकून घ्या. घोडी अडानीच राहू द्या. अडानी घोडी कोनी घेत नाई. मंग थे आपल्यापाशीच राह्यते."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं, ते त्यानं बोलून दाखवलं.

गोंडपिपरीचा मुक्काम

गोंडपिपरीला लालसूच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे उतरलो. धान नुकतंच मळून झालं होतं आणि अंगणात तणसाची गंजी उभी होती. भात बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. चांद्याकडचा हा भाग आमच्यासारखाच भातखाऊ आहे, हे घाटावरच्या लोकांना सांगूनही पटत नाही. तांदूळ आमच्याहून बारीक, वर लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण आणि तळ्यातल्या मासळीचा रस्सा. तो इतका तिखट की माझ्या कानांतून वाफ निघाली. आमच्याकडे माशात नारळाचा रस घालतात असं मी सांगितलं, तेव्हा घरधनीण वाढता वाढता थांबली.

"माशात खोबरं? मंग गूळ बी टाकत असान."

घरातली सगळी पोटभर हसली. मीही हसलो. तिनं मला मासळी परत वाढली, खोबऱ्याविना कसा जगला असेल बिचारा, अशा चेहऱ्यानं.

राजुरा

बल्लारपूरच्या पुढे वर्धा नदीच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, राजुऱ्यात आलो आणि बोली बदलली. बाजारात तेलुगू ऐकू येत होतं, आणि मराठी बोलणाराही मध्येच दख्खनी हिंदीत शिरत होता. हैदराबादचं संस्थान जाऊन थोडीच वर्षं झाली होती. रिसालदारसाहेबांची फौज त्याच्याबरोबर गेली. ते नदीकाठी एका बैठ्या घरात, आपल्या बीबीबरोबर आणि एका म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याबरोबर राहत होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. अंगानं काटकुळे, मिशा मेंदीनं रंगवलेल्या, आवाज मात्र मऊ. ही शाळा चालली तर आणखी लोक येतील, खाणीवरचे साहेब आपल्या मुलांना पाठवतील, अशी त्यांची आशा होती. बीबींनी पहिल्याच संध्याकाळी मला ते सांगितलं, आणि ताटात चिंचेच्या आंबट डाळीबरोबर ज्वारीची गरम भाकरी वाढली. माझ्या आईला मी कुणाच्या घरी जेवलो हे कळलं असतं तर ती दोन दिवस बोलली नसती. मी मात्र तिथे रोज जेवलो, आणि इतक्या मायेनं वाढणारं माणूस परमुलखात मला दुसरं भेटलं नाही.

शिकणारे आम्ही तिघं. मॅनेजरबाई कलकत्त्याकडच्या होत्या, उंच, कमी बोलणाऱ्या. उस्तादांच्या पांढऱ्या घोड्यावर त्या शिकत. दुसरे नागपूरकडचे एक फौजदार, त्यांचा घोडा सरकारी आणि पोट स्वतःचं. तिसरा मी.

पहिल्या सकाळी उस्तादांनी काठीनं जमिनीवर आकृती काढली. चौक कसा, कोपरा कसा कापायचा, गोल कुठून सुरू करायचा. ते दोघं वहीत उतरून घेत होते. मी नुसताच बघत राहिलो. कानशिलं तापली. शाळेत फळ्याकडे बघताना व्हायचं तसंच झालं. मी हळूच सांगितलं की माझं शिक्षण फार नाही.

उस्ताद म्हणाले, "घोडी तरी कुठे सातवी पास आहे? बैठ जा उसपे."

मैदानात

नदीकाठच्या सपाट माळावर उस्तादांनी लांबट चौक आखला होता. चारही कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर खुणा होत्या, आणि त्या खुणा म्हणजे चुना फासलेले दगडांचे ढीग.

पुढचं सांगायला नकोच. काजळी पहिल्या ढिगाशी जाऊन उभी राहिली. मी टाच मारली. ती चालली आणि दुसऱ्या ढिगाशी उभी राहिली. तिसऱ्याशीही. फौजदार पोट धरून हसायला लागले. "अबे, तुही घोडी जकात भरून राह्यली काय प्रत्येक नाक्यावर?" मॅनेजरबाईंनीही हसू लपवायला तोंड फिरवलं. माळाच्या कडेला बसलेल्या लालसूनं मात्र माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली. त्याला वाटलं, काम झालं.

उस्तादांनी जवळ येऊन विचारलं, ही का थांबते. मी शरमत शरमत जंगलातल्या वाटा, देव, खडे, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. वाकून त्यांनी एक दगड उचलला, ढिगावर नीट ठेवला आणि काजळीच्या पायांकडे बघत राहिले.

"रुकना तो इसे आता है," ते म्हणाले. "चारी पायांवर सारखं वजन टाकून असं उभं राहणं शिकवताना माझे केस पांढरे झाले. अब इतनाही, कब रुकना, वो तू बोलेगा. पत्थर नहीं बोलेगा."

तिथून माझी खरी शाळा सुरू झाली. मी लगाम ओढला की ते म्हणायचे, ओरडू नकोस, ती बहिरी नाही. टाच मारली की म्हणायचे, दार ठोठावतात, फोडत नाहीत. सुरुवातीला त्यांनी माझ्या रिकिबी काढून घेतल्या. पाय नुसते लोंबकळत ठेवून दुडक्या चालीवर बसायचं. मांड्या सोलून निघाल्या. बीबींनी तेल-हळद पाठवली. लालसू म्हणाला, "भाऊ, तुमी आता बदकावाणी चालून राह्यले."

ढिगाच्या अलीकडे थांबायचं, पलीकडे थांबायचं, ढिगाशी थांबायचं नाही. थांबायला आधी बैठक खोल करायची, लगाम सगळ्यात शेवटी; पुढे न्यायला मांडी मिटायची, म्हणजे हलकेच आवळायची. शब्दांत ते मला आजही नीट सांगता येत नाही. हळूहळू मला कळायला लागलं की काजळीचा एक कान सारखा मागे, माझ्याकडे वळलेला असतो. तीन वर्षं ती मला वाहत होती. ऐकत होती हे मला ठाऊकच नव्हतं. ऐकण्यासारखं मी काही बोललोच नव्हतो.

आणि एके दिवशी गोल फिरताना तिनं मान कमानीसारखी घेतली आणि तिची पाठ माझ्याखाली वर आली. होडी वाळूवरून सुटून पाण्यावर तरते, तेव्हा पायाखाली जो एकदम हलकेपणा जाणवतो, तसंच. मी श्वास घेतला आणि ती सावकाश झाली. मी पुढे बघितलं आणि ती पुढे गेली. ढीग आला, ढीग गेला. उस्तादांनी फेटा काढून घाम पुसला.

माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तो आनंदच होता, पण घोडीवरून उतरल्यावर आठवलं की याचा अर्थ काय. लालसू घोडी धरायला आला. "शिकली," तो म्हणाला. कुणी गेल्याची खबर सांगावी तसा.

दुपारी मी उस्तादांना आडून विचारलं की स्वार शिकावा आणि घोडा मात्र आहे तसाच राहावा, असं काही करता येतं का. त्यांना प्रश्नाचा रोख कळला नसावा. ते समजावून सांगत बसले की स्वाराची बैठक सुधारली की घोड्याची पाठ सुधारतेच, एकाला ठेवून दुसऱ्याला शिकवायची सोय देवानं केलेली नाही. लालसूला हे सांगावं लागलं नाही, त्यानं ओळखलं होतं.

मॅनेजर बघायला आले तो दिवस

शाळेच्या शेवटी खाणीचे मॅनेजर बघायला आले. माळावर खुर्च्या मांडल्या. उस्तादांनी जुना फौजी कोट घातला होता. बीबींनी तो रात्रीच तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. कोपरावर रफू दिसत होतं. कोटाची बटणं त्यांनी दोनदा काढून पुन्हा लावली. माझी पाळी फौजदारांनंतर होती.

मी घोडीवर बसलो तेव्हा लालसू रिकीब धरायच्या निमित्तानं जवळ आला आणि माझ्या कोटाच्या खिशात काहीतरी टाकून गेला. हात घालून बघायची गरज नव्हती. खडे होते.

त्यांचा अर्थ उघड होता. एका ढिगाशी थांबायचं, एक खडा टाकायचा. काजळीला सगळं आठवलं असतं. पुढच्या प्रत्येक ढिगाशी ती थांबली असती, फौजदार हसले असते, मॅनेजरांनी घड्याळ बघितलं असतं, आणि मी, लालसू, काजळी, आम्ही तिघं आल्या वाटेनं परत गेलो असतो.

कदम चालीनं पहिली बाजू घेतली. खुर्च्यांसमोरचा ढीग जवळ आला तेव्हा तिच्या अंगातून एक बारीकशी ओढ आली. ती अडली नव्हती, विचारत होती. थांबू का? असं तिनं मला पूर्वी कधी विचारलं नव्हतं. विचारायला तिला इथेच शिकवलं होतं, मीच. मला दिसत होते ते चौकाच्या मध्यात उभे असलेले उस्ताद, रफू केलेल्या कोटात, हात पाठीमागे बांधून, डोळे घोडीच्या पायांवर. इतकं कुणी माझ्यावर विसंबून कधी उभं राहिलं नव्हतं.

मी मांडी मिटली. बाहेरून कुणाला दिसलंही नसेल. काजळी ढिगावरून पाण्यासारखी निघून गेली.

नंतर सगळं चांगलं झालं. चांगलंच झालं असं सगळे म्हणाले. मॅनेजर उठून उस्तादांशी हात मिळवायला गेले आणि थंडी आहे तोवर खाणीवरच्या आणखी मुलांना पाठवतो म्हणाले. उस्तादांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या आयुष्यात मी कशात पास झालो असेन तर तिथे.

सोपवणं

दुसऱ्या सकाळी मॅनेजरबाई काजळीवर बसायला आल्या. ती चालेना. कावरीबावरी होऊन माझ्याकडेच बघत राहिली. माझं मन केवढं वर उडालं! पण उस्तादांनी मलाच सांगितलं की बाईंना दाखव. मी जाऊन बाईंचा पाय जरा मागे ठेवला, बैठक कुठे घ्यायची, मांडी किती मिटायची ते मोडक्या हिंदीत सांगितलं. किती म्हणून विचारलं तेव्हा म्हणालो, जितना सांस लेने में लगता है.

बाईंनी तसं केलं, आणि घोडी चालली. मान कमानीसारखी, पाठ वर आलेली. कान मागे वळला, पण तो आता बाईंकडे होता.

"अब पक्की हो गई," उस्ताद माझ्या शेजारी उभं राहून कौतुकानं म्हणाले. "जो ठीक से पूछेगा, उसको जवाब देगी."

मी हो म्हणालो. त्यांच्या पाया पडलो. बीबींनी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. कुणाचं काही चुकलं नव्हतं. मालक भले, बाई भल्या, उस्तादांसारखा गुरू मला या जन्मात पुन्हा मिळायचा नाही. पण मी शिकायलाच गेलो नसतो तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवसापासून वाटत आलं आहे. पोत्यासारखा बसत होतो तेव्हा ती माझ्यापाशी होती.

परत

बाईंचं खोगीर कलकत्त्याहून आलेलं होतं, म्हणून आमचं खोगीर आम्हाला परत मिळालं. ते लालसूनं डोक्यावर घेतलं. दोघं पायी, डोक्यावर खोगीर, घोडी नाही. वाटेवरच्या गावांना याहून चांगली करमणूक कुठली? बल्लारपूरच्या पुढे एकानं विचारलं, "काऊन भाऊ, घोडी कुठी?" लालसू न थांबता म्हणाला, "येऊन राह्यली मांगून."

पुढच्या गावातही तेच विचारलं, तेच सांगितलं. पहिल्यांदा मला त्याचा राग आला. मग त्यानं तसं सांगितलं की मी मागे वळून बघायला लागलो. रस्ता मोकळा असायचा.

गोंडपिपरीच्या अलीकडे एका आंब्याखाली विहीर आहे. ऊन चढलं होतं. एक म्हातारी पाणी शेंदत होती. तिनं आम्हाला ओंजळीनं पाणी पाजलं, खोगिराकडे बघितलं आणि घोडीचं विचारलं. लालसूनं तेच सांगितलं, "येऊन राह्यली बाई, मांगून."

म्हातारीनं कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघितलं. मग बादली पुन्हा विहिरीत सोडली, काठोकाठ भरून वर काढली आणि रस्त्याच्या कडेला सावलीत नेऊन ठेवली.

"उन्हाचं आलं असन जनावर," ती म्हणाली. "बसा न भाऊ. पाणी पिऊ द्या तिले, मंग जाजा."

लालसूनं डोक्यावरचं खोगीर खाली ठेवलं. तो बसला. मीही बसलो.